वाळू चाळणारे मासे

काचपेटीची हौस आता आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा पोराबाळांना घेऊन ते पाहावयास जाणे हा रविवारचा मोठाच कार्यक्रम असे. पुढे घरोघर काचेची गोल भांडी आली, त्यांत सोनेरी मासे आले, तळाशी निळे-हिरवे खडे आले आणि बुडबुडे सोडणारा एक चिनीमातीचा पाणबुड्याही आला. परंतु वाचकहो, त्या भांड्यातला मासा करतो काय? इकडून तिकडे जातो आणि तिकडून इकडे येतो. चार दिवसांत मुलांचा रस आटतो आणि पाणी बदलण्याचे काम तेवढे आईच्या गळ्यात पडते.

ज्यांना काही उद्योग करणारा मासा हवा असेल, त्यांच्यासाठी आज ‘जिओफेगस’ मंडळींची ओळख करून देतो. क्रॉफर्ड मार्केटात किंवा आपल्या गावच्या चांगल्या दुकानात ‘जिओ’ म्हटले तरी दुकानदार ओळखतो. नाव ग्रीक असून अर्थ सरळ आहे : माती खाणारा. योहान नाटरर या संग्राहकाने १८१७ ते १८३५ अशी अठरा वर्षे ब्राझीलमध्ये भटकून जे असंख्य प्राणी व्हिएन्नाला पाठविले, त्यांतील माशांचा अभ्यास करून हेकेल या पंडिताने १८४० साली हे नाव ठेवले. आपल्याकडे ‘माती खाल्ली’ म्हणजे काय ते सांगावयास नको. पण हा मासा खरोखर माती खात नाही, ती चाळतो.

चाळण्याची रीत पाहण्यासारखी आहे. मासा डोके खाली करून तळाची वाळू तोंडभर घेतो, क्षणभर थबकतो, घशातल्या घशात काहीतरी घोळवतो आणि दोन्ही कल्ल्यांच्या फटींतून वाळूची बारीक धार खाली सोडतो. गृहिणी सुपात धान्य पाखडते, अगदी तसेच. तोंडातल्या जबड्याखेरीज घशात त्याला जबड्याची दुसरी जोडी असते; कीटकांच्या अळ्या, बिया, बारीकसारीक जीव असे खाण्याजोगे तेवढे आत राहते, बाकीचे बाहेर. दिवसभर हेच चालू. वर्दी मिळालेल्या शिपायांप्रमाणे पाच-सहा मासे एका ओळीत वाळू उकरीत निघाले, म्हणजे घरातील वडीलधारी माणसेसुद्धा वर्तमानपत्र बाजूला ठेवतात.

तेव्हा पहिला प्रश्न वाळूचा. रंगीत खडे मुळीच चालणार नाहीत. जाड, धारदार खडी तोंडात घेता येत नाही, घेतलीच तर कल्ले खरचटतात. मग मासा चाळणे सोडून देतो आणि कोपऱ्यात उदास उभा राहतो. वाळू बारीक, गोल कणांची हवी. चौपाटीवरून पिशवी भरून आणण्याचा मोह आवरावा. तिच्यात मीठ असते आणि शिंपल्यांचा चुराही असतो, त्याने पाणी जड होते. नदीची वाळू असेल तर चमचाभर वाळूवर लिंबू पिळून पाहावे. फसफसली तर तिच्यात चुना आहे, ती घेऊ नये. मग तांदूळ धुतो तशी ती बादलीत धुवावी, वरचे पाणी नितळ येईपर्यंत. पंधरा-वीस पाणी लागतील, कंटाळू नये. थर दीड-दोन इंचांहून जाड करू नये, कारण खोल वाळू आतून कुजते आणि सडक्या अंड्यांचा वास सोडते. दगड ठेवायचे ते आधी काचेवर टेकवावेत आणि मग भोवती वाळू घालावी. वाळूवर ठेवलेला दगड हे खोदकामगार एके दिवशी पाडतात आणि काच तडकते. फिल्टरचे तोंडही तळापासून चार बोटे वर असावे, नाहीतर वाळू आत जाऊन यंत्र खर्र खर्र करू लागते. झाडे मुळांसकट उपटली जातील. लाकडाला दोऱ्याने बांधलेले ॲन्युबिअस किंवा जावा फर्न मात्र टिकते.

आता जरा कडू बोलावयाचे आहे. दुकानात हे मासे दीड इंचाचे, फिक्कट, साधेसुधे दिसतात. ‘रेड हेड तापाजोस’ म्हणून ज्याची सध्या फार चलती आहे, तो ॲमेझॉनला मिळणाऱ्या तापाजोस नदीचा रहिवासी वाढून सात-आठ इंचांचा होतो. तेव्हा कुठे त्याच्या कपाळावर केशरी झाक आणि पंखांवर निळ्या रेघा उमटतात. शिवाय हा एकटा सुखाने राहत नाही. पाच-सहांचा कळप हवा. म्हणजे पेटी किमान चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. हिशेब करा : अडीचशे लिटर पाणी, तीस-पस्तीस किलो वाळू, वर काचेचे वजन. सगळे मिळून तीनशे किलोंच्या वर भरते. हे ओझे शोकेसच्या फळीवर ठेवावयाचे नसते. भक्कम लोखंडी घडवंची हवी आणि ती भिंतीलगत, तुळईच्या जवळ. जुन्या चाळीतील लाकडी पाटणावर तर जाणकाराला विचारल्याशिवाय ठेवूच नये. मासा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. आज चौथीत असलेली मुलगी कॉलेजात जाईल तेव्हाही तो वाळू चाळीत असेल.

एवढी जागा नसेल तर माझा स्पष्ट सल्ला आहे : हा मासा आणू नये. दोन फुटी पेटीत घालून ‘मोठा झाला की बघू’ म्हणणे म्हणजे त्याला हळूहळू मारणेच होय. आणि मोठा झाल्यावर त्याचे तलावात विसर्जन करणे तर त्याहून वाईट. उजनीच्या जलाशयात कोळी ज्याला चिलापी म्हणतात, तो मासा याच सिक्लिड कुळातला आफ्रिकेचा पाहुणा. तो तिथे असा फोफावला की जाळ्यात देशी माशांपेक्षा तोच अधिक येतो. खरे पाहता या कुळाच्या अवघ्या तीन जाती मूळच्या आपल्या देशाच्या. गोव्यात ज्याला कालुंदर आणि केरळात करीमीन म्हणतात, तो त्यांपैकी एक. लहान जागेत हौसच भागवायची असेल तर ओरिनोको खोऱ्यातील ‘रॅम’ची जोडी आणावी. दोन इंचांचा मासा. तोही वाळूत तोंड घालतो, फक्त त्याला पाणी जरा ऊबदार लागते.

पाण्याविषयी थोडक्यात. नवी पेटी भरली की त्याच दिवशी मासे सोडू नयेत. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य नायट्रेट करणारे जंतू फिल्टरमध्ये जमावयास चार ते सहा आठवडे लागतात. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवले की क्लोरीन उडून जातो. घाई असल्यास दुकानात मिळणारे क्लोरीनमारक औषध घालावे. बोअरचे पाणी बहुधा जड असते, ते या माशांना मानवत नाही. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावे. यात आळस झाला की नायट्रेट साचते, आणि या जातीच्या डोक्यावर खड्डे पडण्याचा जो रोग दिसतो, त्यामागे पुष्कळदा अस्वच्छ पाणी असते.

दिवाळीचे दिवस या मुक्या प्राण्यांना विशेष जपण्याचे. घराला रंग काढला असेल तर एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो, हे विसरू नये. पंप दुसऱ्या खोलीत ठेवून नळी लांबवावी. झुरळांवरचा फवारा तर पेटीच्या खोलीत मारूच नये. त्यातील औषधे माशांना जहाल विष आहेत. घर झाडताना पेटीही ‘लख्ख’ करण्याची ऊर्मी येते. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुतला की ते सारे उपयोगी जंतू मेले म्हणून समजा. पेटीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात तो नुसता पिळून घ्यावा. भाऊबिजेला चार दिवस गावी जाणार असाल तर मासे उपाशी ठेवून खुशाल जा, मोठ्या माशांना काही होत नाही. शेजारच्या काकूंना सांगून जायचेच असेल तर खाण्याच्या पुड्या मोजून बांधून द्याव्यात. प्रेमळ काकूंच्या हाती अख्खी बरणी देऊ नये.

एवढे सारे जमले आणि वर्ष-दीड वर्ष गेले, म्हणजे एखादे दिवशी कळपातील दोन मासे सपाट दगड चाटून स्वच्छ करू लागतात. मादी त्यावर अंडी घालते, दोघे राखण करतात आणि दोन-तीन दिवसांनी दगड रिकामा दिसतो. अंडी खाल्ली असे समजून मुले हळहळतात. पण नीट पाहावे : आईबापांचे गाल फुगलेले असतात. या कुळातील कित्येक जाती अंड्यांतून निघालेली पिल्ले तोंडात वाढवितात. माती खाल्ल्याबद्दल यशोदेने बाळकृष्णाला तोंड उघडावयास लावले आणि तिला आत ब्रह्मांड दिसले. इथे मातीखाऊच्या तोंडात त्याचे गोकुळ असते. पुढे पिल्ले बाहेर पडून वाळूवर चरू लागतात, आणि भीती वाटली की पुन्हा आत धावतात. एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात बदलीही होते.

त्या दिवसांत फिल्टरच्या तोंडावर स्पंजाचा तुकडा बसवावा, म्हणजे पिल्ले आत ओढली जाणार नाहीत. नुकत्याच उबविलेल्या आर्टेमियाचे खाणे त्यांना द्यावे. आणि रात्री पेटीचा दिवा एकदम मालवू नये. खोलीतला दिवा आणखी दहा मिनिटे तसाच राहू द्यावा, तेवढ्यात पिल्ले आपापल्या घरी जातात.