अडलेल्या घोडीला गाईचा हिशेब चालत नाही

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यात घोडेबाजार भरतो. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या यात्रेतही घोड्यांची खरेदी-विक्री चालते. चांगल्या घोडीला लाखांत किंमत येते. पण तीच घोडी अकरा महिने भरल्यावर व्यायला अडली तर काय, याची तजवीज फार थोड्यांकडे असते. घोडी वाचेल का, आणि वाचली तर पुन्हा गाभण राहील का, हे प्रश्न मग आयत्या वेळी उभे राहतात.

आपला हात बसलेला असतो गाई-म्हशींवर. गाय अडली आणि डॉक्टर यायला दोन-तीन तास लागले, तरी वासरू पुष्कळदा जिवंत निघते. गाईची वार गर्भाशयाला ठिकठिकाणी गुंड्यांनी धरलेली असते. ती लवकर सुटत नाही. घोडीची वार मात्र जोराच्या कळा सुरू झाल्या की झटकन सुटू लागते आणि शिंगराचा प्राणवायू तुटतो. म्हणून पाणी फुटल्यापासून २० ते ३० मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवे.

सिझेरियनसाठी घोडीला पूर्ण भूल द्यावी लागते. मोठे टेबल, यंत्रे आणि तीन-चार जाणकार माणसे लागतात. गोठ्यात हे जमत नाही. दक्षिण मुंबईच्या टोकाला कफ परेडच्या मच्छीमार नगरापासून परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय दहा-बारा किलोमीटरवर आहे. घोडी गाडीत चढवून तिथवर न्यायची म्हटली तरी तो अर्धा तास रस्त्यातच संपेल. मग शहाद्याच्या नाहीतर लोह्याच्या शेतकऱ्याचे काय सांगावे?

देशोदेशीच्या अनुभवाचे सार असे, की सुसज्ज दवाखान्यात वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक घोड्या वाचतात. घाईच्या सिझेरियनमधले शिंगरू मात्र बरेचदा दगावते. घोडीला पुढचा धोका असतो गर्भाशयातून रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि वार अडकण्याचा. तीन तासांत वार पडली नाही तर डॉक्टरला कळवावेच. विष अंगात भिनून खूर धरतात.

एकदा पोट फाडले म्हणजे घोडी वांझ झाली, असे समजून ती विकून टाकू नये. त्याच हंगामात फळवली तर गाभण राहण्याचे प्रमाण घटते. पुढच्या हंगामात ते सुधारते. व्याल्यानंतर आठवड्या-दीड आठवड्यात येणारा पहिला माज सोडावा आणि गर्भाशय तपासूनच पुढे जावे. वयस्कर आणि फार वेळ अडून राहिलेल्या घोडीची आशा कमी धरावी. पुढच्या वेळी सिझेरियनच लागेल असेही नाही. अडण्याचे कारण बहुधा शिंगराची वळलेली मान किंवा दुमडलेला पाय असते, आणि ते दरवेळी घडत नाही.

तेव्हा खरी तयारी आधीची. फळवल्याची तारीख लिहून ठेवा. सडांवर चिकाचे मेण दिसले की रात्री राखण ठेवा, कारण घोडी बहुधा रात्रीच विते. आधी पांढरी पाणमोट, दोन पुढचे पाय आणि नाक दिसले तर ठीक. लाल मखमली पडदा आधी दिसला तर तो लगेच फाडावा आणि शिंगरू बाहेर घ्यावे. दहा मिनिटांत काहीच पुढे सरकले नाही तर डॉक्टरला बोलवा. सरपंचांनी पशुवैद्यकाचा आणि १९६२ हा क्रमांक, तसेच घोडी चढेल अशा गाडीवाल्याचे नाव पंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावे. याला खर्च खडूचा.