चिकटवा, पण विचार करून!

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्री साडेआठला दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात एक बाई नववीतल्या आपल्या मुलाला हाताला धरून घेऊन आल्या. मुलाचा उजवा डोळा घट्ट मिटलेला. दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा त्याने तयार केला होता. वायरी जागेवर राहीनात म्हणून त्याने झटपट चिकटणाऱ्या डिंकाची नळी आणली. नळीचे तोंड बुजले होते. ते टाचणीने मोकळे करून नळी डोळ्यांसमोर धरून दाबली आणि थेंब थेट डोळ्यात! क्षणात पापण्या चिकटल्या.

शेजाऱ्यांपैकी कोणी थिनर सुचवले, कोणी नेलपॉलिश काढायचे औषध, तर कोणी पापण्या ओढून उघडायला सांगितले. त्या माउलीने यातले काहीही केले नाही. भरपूर पाण्याने डोळा धुतला आणि तडक दवाखाना गाठला. मी पुन्हा धुऊन मुलाला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. बुबुळावर ओरखडा होता. चार दिवसांत पापण्या सुटल्या, नजर शाबूत राहिली. प्रत्येकाचे दैव इतके बलवत्तर असेलच असे नाही.

यात मुलाचा दोष मी मानत नाही. दोष आपल्या एका समजुतीचा आहे. जो डिंक सर्वांत लवकर चिकटतो तोच सर्वांत चांगला, असे आपण धरून चालतो. घरी बनवलेल्या विजेच्या उपकरणांच्या बाबतीत ही समजूत साफ चुकीची आहे. अशा कामाला योग्य असलेला डिंक बहुतेक वेळा शरीरालाही कमी त्रासाचा असतो, असे माझे मत आहे.

झटपट डिंकाचे रासायनिक नाव सायनोॲक्रिलेट. हवेतला किंवा कातडीवरचा ओलावा मिळताच तो घट्ट होतो. बोटे आणि पापण्या चिकटतात त्या त्यामुळेच. पण हा जोड ठिसूळ असतो. वायरीला हिसका बसला की तुटतो. पातळ असल्याने बटणाच्या फटीत शिरून बटणच जाम करतो. त्याच्या वाफेने जवळच्या भागांवर पांढरट थर बसतो. उजेड ओळखणाऱ्या भागावर असा थर बसला, तर त्या मुलाचा दिवा नीट चालणार तरी कसा?

मग वापरायचे काय? खोके पुठ्ठ्याचे किंवा लाकडाचे असेल तर पाण्यात मिसळणारा पांढरा डिंक पुरेसा आहे. मात्र तो पूर्ण वाळल्याशिवाय सेल जोडू नयेत. वायरी जागेवर धरून ठेवायला ग्लू गनचा डिंक चांगला. मात्र तो १०० अंशांच्या बराच वर तापलेला असतो, म्हणून लहान मुलांच्या हातात गन मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच द्यावी. तापणाऱ्या भागाजवळ हा डिंक मऊ पडतो, तेथे तो नको. मजबूत जोड हवा असेल तर दोन नळ्यांतले मिश्रण म्हणजे इपॉक्सी घ्यावे. ते न वाळलेल्या अवस्थेत कातडीला लागत राहिले तर खरूज वाटावी असा इसब होतो. एकदा ही ॲलर्जी जडली की बहुधा जन्मभर साथ सोडत नाही. म्हणून हातमोजे घालून काडीने कालवावे. हाताला लागलेच तर साबण-पाण्याने धुवावे, थिनरने नव्हे. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन तांब्याच्या वायरींना गंज चढवते, ते टाळावे.

चपला-रेक्झिनला लावायचे उग्र वासाचे सोल्युशन मुलांच्या प्रकल्पात नकोच. त्यात टोल्युइनसारखी द्रव्ये असतात. बंद खोलीत डोके दुखते, गरगरते, आणि शेजारी सोल्डरिंगची इस्त्री तापलेली असेल तर वाफ पेटू शकते. या वासाचे काही मुलांना व्यसनही लागते, याचा पालकांनी विसर पडू देऊ नये.

आणखी एक सांगतो. २३० व्होल्टच्या घरगुती विजेच्या तुटलेल्या पिनेला किंवा चार्जरला कोणत्याही डिंकाने जोडू नका. ती फेकून नवीन घ्या. दहा-वीस रुपयांच्या डिंकाने जीव वाचत नाही.

अपघात झालाच तर काय करावे, हे कात्रण काढून ठेवा. बोटे चिकटली तर कोमट साबण-पाण्यात बुडवून हळूहळू सोलल्यासारखी सोडवावीत, हिसका देऊ नये. डोळ्यात गेले तर किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे, पापण्या ओढू नयेत आणि लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. सांडलेला झटपट डिंक कापसाने किंवा सुती कापडाने कधीही पुसू नये. सुताशी त्याची क्रिया होऊन इतकी उष्णता निर्माण होते की कातडी भाजते. गरम डिंकाने भाजल्यास तो ओढून न काढता २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली हात धरावा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये. आणि ही नळी डोळ्यांत टाकायच्या औषधांच्या खणात कधीच ठेवू नये. घाईत नळ्यांची अदलाबदल होते.

शिक्षकांना माझी विनंती आहे. प्रकल्पाला गुण देताना तो किती चकचकीत दिसतो यापेक्षा जोड कसा केला आणि का केला, हे मुलाला विचारा. प्रदर्शनाची तारीख महिनाभर आधी सांगा, म्हणजे डिंक वाळायला वेळ मिळेल. दुकानदारांनीही लहान मुलाच्या हातात ही नळी देण्यापूर्वी ‘कशाला हवी?’ एवढे तरी विचारावे.

घाटातल्या पाटीवर लिहिलेले असते, ‘अति घाई संकटात नेई’. तशीच एक पाटी शाळेच्या प्रयोगशाळेतही लावायला हरकत नाही. मुलांनी खुशाल दिवे बनवावेत, पण ते दिवे पाहायला त्यांचे डोळे शाबूत राहिले पाहिजेत.