देणाऱ्याचे नाव नसलेली भेट

डिसेंबर उजाडला की अमेरिकेतील बाजारपेठा नाताळच्या दिव्यांनी उजळून निघतात. शिक्षण वा व्यापारानिमित्त तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मुला-सुनांना हा सोहळा आता परका राहिलेला नाही. त्या झगमगाटातही एका झाडापुढे क्षणभर थांबावे, असे ते झाड असते.

१९७९ साली व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथे साल्व्हेशन आर्मीच्या चार्ल्स व शर्ली व्हाइट या दांपत्याने गरजू मुलांच्या इच्छा देवदूतांची चित्रे असलेल्या शुभेच्छापत्रांवर लिहिल्या आणि ती पत्रे मॉलमधील नाताळवृक्षावर टांगली. येणाऱ्याने एक पत्र उचलावे, त्यातील वस्तू नवी विकत घ्यावी व संस्थेकडे सोपवावी. ‘एंजल ट्री’ची ही प्रथा पुढे देशभर पसरली.

चिठ्ठीवर मुलाचे वय असते, कपड्यांचे माप असते, हवेसे खेळणे असते. घराचा पत्ता नसतो. भेट आईवडिलांच्या हाती जाते आणि मुलाला ती आपल्याच घरून मिळते. मागण्याचा संकोच त्या बालमनाला शिवत नाही.

गुप्तदानाचा महिमा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. गिऱ्हाइकाला माप विचारल्यावाचून आपण कापडही फाडत नाही. दान देताना मात्र पुष्कळदा उरलेसुरले पुढे करतो आणि वर नावाची पाटी लावतो.

परदेशी मुलांशी या महिन्यात बोलाल, तेव्हा अवश्य सांगा: त्या झाडावरची एक चिठ्ठी घरी आणा, आणि ती वस्तू नातवंडांनाच निवडू द्या.