शनिवारच्या वर्गाचं जनरल रजिस्टर

यंदा या पानावर फराळाच्या गमतीजमती नाहीत आणि मुलांच्या सहलीचं वर्णनही नाही. यंदा एका लॉगिनची गोष्ट सांगणार आहे. लगेच पान उलटू नका, कारण या गोष्टीत तुमच्या घराचा पत्ता आहे.

फेब्रुवारीत नाशिकहून एका मैत्रिणीचा फोन आला. आपल्या शनिवारच्या मराठी वर्गात ती तीन वर्षं शिकवत होती. दोन वर्षांपूर्वी ती सहकुटुंब कायमची परत गेली. बोलता बोलता म्हणाली, "अगं, काल सहज वर्गाची यादी उघडून बसले होते. पोरं केवढी झाली गं! आणि नवीन नावं किती आलीत!" तिच्या आवाजातली माया ऐकून बरं वाटलं, आणि त्याच क्षणी पोटात गोळाही आला. परत जाऊन दोन वर्षं झाली, तरी यादी तिला दिसत होती. आपला पासवर्ड सगळ्यांचा मिळून एकच होता ना! बाप्पाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तीन कार्यकारिण्या बदलल्या, पासवर्ड तोच राहिला. तो किती जणांच्या फोनमध्ये आहे, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

त्या यादीत काय होतं? मुलाचं नाव, इयत्ता, आईवडिलांचे फोन, शेंगदाणे किंवा अंड्याची ॲलर्जी, आणि एअरकोड. भारतातल्या वाचकांसाठी सांगते: आपला पिनकोड अख्ख्या भागाचा असतो, पण आयर्लंडमध्ये २०१५ पासून आलेला हा सात अक्षर-अंकांचा एअरकोड एकेका पत्त्याचा वेगळा असतो. तो नकाशात टाकला की थेट त्या घराच्या दारात नेऊन उभा करतो. आपल्या वर्गातल्या एका आईने प्रवेशाच्या वेळीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आमचा पत्ता कुणालाही देऊ नका, प्लीज." कारण आम्ही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मी "नाही देणार" म्हटलं होतं. आणि तो पत्ता त्या यादीत बाप्पाच्या भरवशावर पडला होता.

पुढच्या बैठकीत मी हा विषय काढला. वर्गाची यादी, वाचनालयाची यादी आणि कार्यक्रमांची नोंदणी अशा तीन ठिकाणी तीन याद्या, आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. वाचनालयात एक ताई अजून लग्नाआधीच्या आडनावाने होत्या, तर नोंदणीत एक कुटुंब दोनदा. आयटीतल्या आपल्या एका दादाने सुचवलं, "वहिनी, तिन्हींसाठी एकच डिरेक्टरी सर्व्हर ठेवू. मी सर्व्हर उभा करतो, नोंदी तुम्ही सांभाळा. तुम्ही शाळेत होतात ना, रजिस्टरची सवय आहे तुम्हाला." मला वाटलं, हा मला बरं वाटावं म्हणून म्हणतोय. तसं नव्हतं. हे काम खरंच रजिस्टरचं निघालं.

ज्यांनी महाराष्ट्रात शाळा पाहिली आहे, त्यांना जनरल रजिस्टर आठवत असेल. कार्यालयातल्या कपाटातली ती जाडजूड वही! मूल शाळेत आलं की त्यात एक नोंद आणि एक नंबर. वर्ग बदलतो, तुकडी बदलते, हजेरीपट दरवर्षी नवा येतो, पण तो नंबर बदलत नाही. शाळा सोडल्याचा दाखला निघतो तोही त्याच नोंदीवरून. डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे हेच रजिस्टर. वर्ग, वाचनालय, नोंदणी हे हजेरीपट. त्यांनी माणसांची स्वतःची वेगळी यादी ठेवायची नाही, मूळ रजिस्टरला विचारायचं.

विचारायची भाषाही ठरलेली आहे. तिला एलडॅप म्हणतात. १९८८ मध्ये एक्स ५०० नावाचं मोठं, अवजड मानक आलं होतं. त्याची हलकी आवृत्ती अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात आकाराला आली आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑफिसात सकाळी लॅपटॉप उघडताना तुमच्यापैकी अनेकांची ओळख मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी पटवते. तीही ही भाषा बोलते. कॉलेजात जाणारी आपली मुलं डब्लिनच्या कॉलेजचं नाव-पासवर्ड वापरून कॉर्कच्या विद्यापीठात एज्युरोमचं वायफाय जोडतात, तेव्हाही कॉर्क स्वतः काही तपासत नाही. ते मुलाच्या मूळ कॉलेजला विचारतं, "हा तुमचाच ना?" आणि उत्तरावर विश्वास ठेवतं.

आमच्याकडे चालतं ते असं. तुम्ही वर्गाच्या पानावर ईमेल आणि पासवर्ड लिहिता. पान आधी स्वतःच्या, फक्त वाचण्यापुरत्या खात्याने रजिस्टरमध्ये तुमची नोंद शोधतं. नोंदीचं पूर्ण नाव पाकिटावरच्या पत्त्यासारखं असतं: आधी माणूस, मग त्याचा विभाग, मग संस्था, शेवटी देश. ती नोंद सापडली की पान तुमच्या नावाने आणि तुमच्या पासवर्डने रजिस्टरचं दार ठोठावतं. याला 'बाइंड' म्हणतात. रजिस्टर "हो" किंवा "नाही" एवढंच सांगतं. जपून ठेवलेला पासवर्ड ते पानाला देत नाही. "हो" आलं की तुम्ही आत. मग तुम्ही कोणत्या गटात आहात, शिक्षक, पालक की वाचनालय, हे पाहून काय दिसेल ते ठरतं. तुम्ही कोण, हा एक प्रश्न. तुम्हाला काय पाहायची मुभा, हा दुसरा. एक-दोन-तीनच्या काळात आपण दोन्ही प्रश्न विचारतच नव्हतो.

पहिली अडचण नावांची आली. दादाने आधी नाव-आडनावावरून ओळख बनवली होती. मी म्हटलं, हे चालणार नाही. आडनाव लग्नाने बदलतं, काहींचं दोन आडनावांचं जोडनाव असतं, आणि एका तमिळ बाबांना तर आडनावच नाही. डिरेक्टरीच्या नेहमीच्या साच्यात मात्र आडनावाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. तिथे आम्ही त्यांचं नावच पुन्हा लिहिलं. ओळख म्हणून प्रत्येकाला जनरल रजिस्टरसारखा नंबर दिला. तो बदलायचा नाही, आणि माणूस गेला तरी दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. नावं मात्र देवनागरीतही भरली. आता 'जोशी' असं लिहून शोधलं की जोशीच सापडतात!

दुसरी गोष्ट वाटेची. एलडॅपचं नेहमीचं दार ३८९ क्रमांकाचं. त्यावरून साधं बाइंड केलं तर पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. म्हणून एक तर ६३६ क्रमांकाचं कुलूपबंद दार वापरायचं, नाही तर ३८९ वरच बोलणं सुरू होताच आधी वाट बंदिस्त करून घ्यायची. आम्ही ६३६ घेतलं.

तिसरी गोष्ट अजून आठवली तरी घाम फुटतो. जूनमध्ये कार्यकारिणीतल्या पाच जणांच्या नोंदी भरून चाचणी ठेवली होती. मुलांची खरी माहिती अजून आत घातली नव्हती, हे देवाचे उपकार. आमच्या वाचनालयाच्या काकू सत्तरीच्या आहेत. त्यांनी ईमेल लिहिला, पासवर्ड लिहायला विसरल्या आणि बटण दाबलं. पान उघडलं! "अगंबाई, किती सोपं केलंस गं," काकू खूश. मी दादाकडे पाहिलं, दादाने माझ्याकडे. मग मी माझा ईमेल लिहून पासवर्डची जागा रिकामी सोडली. मी 'शिक्षक' म्हणून आत. दादाचा ईमेल टाकला, तर व्यवस्थापक म्हणून आत!

झालं होतं असं. नाव दिलं आणि पासवर्ड रिकामा ठेवला, तर एलडॅपच्या नियमात त्याचा अर्थ "मी ओळख पटवत नाही, अनोळखी म्हणूनच बोलतो" असा होतो. अशी विनंती सर्व्हरने मुळात नाकारावी, अशीच शिफारस आहे. पण आमची सेटिंग एका जुन्या नमुन्यावरून उतरवलेली होती आणि तिच्यात परवानगी चालू होती. सर्व्हर म्हणाला, "ठीक आहे, राहा अनोळखी." आमच्या पानाने त्यातलं "ठीक आहे" एवढंच ऐकलं. शिपायाने "बसा बाहेर" म्हणावं आणि आपण हेडमास्तरांच्या खुर्चीत जाऊन बसावं, तसलाच प्रकार! २००६ च्या एलडॅपच्या नियमावलीत हा धोका स्पष्ट लिहिलेला आहे, आणि रिकामा पासवर्ड पानानेच आधी अडवावा असंही म्हटलं आहे. आम्ही वाचलं नव्हतं.

दादाने त्याच रात्री दोन्हीकडे दुरुस्ती केली: सर्व्हरवर परवानगी बंद, आणि पानावर रिकामी जागा दिसली तर विचारायलाच जायचं नाही. मी चाचणीची प्रश्नपत्रिका काढली. बरोबर पासवर्ड, चुकीचा पासवर्ड, रिकामा पासवर्ड, रजिस्टरमध्ये नसलेलं नाव, काढून टाकलेलं नाव. पहिल्याला दार उघडायला हवं, बाकी चारांना नाही. आता काहीही बदललं की ही पाच प्रश्नांची परीक्षा पुन्हा होते. आम्ही तोवर फक्त बरोबर पासवर्डच तपासत होतो. पोराला येणारीच गणितं घालून "हुशार आहे" म्हणण्यासारखं होतं ते.

"एवढ्याशा मंडळासाठी एवढा खटाटोप?" असं बैठकीत एकांनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. एकच यादी आणि एकच पान असतं, तर मीही नको म्हटलं असतं. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला की भागलं असतं. तीन ठिकाणी तीच माणसं होती, म्हणून हे केलं. पण एक रजिस्टर म्हणजे एक किल्ली, आणि ती चुकीच्या हाती पडली की सगळंच गेलं. आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

१४ मे २०२१ चा शुक्रवार आठवा. कोंटी नावाच्या टोळीने देशाच्या आरोग्यसेवेच्या, म्हणजे एचएसईच्या, संगणकांवर हल्ला केला आणि एचएसईला आपली सगळी यंत्रणा बंद करावी लागली. डब्लिनच्या रोटुंडा प्रसूतिगृहाने त्या दिवशी ३६ आठवडे किंवा त्यापुढच्या गर्भवती सोडून बाकीच्यांच्या बाह्यरुग्ण भेटी रद्द केल्या. डॉक्टर-नर्स कागद-पेनावर आले. वर्षअखेर आलेल्या स्वतंत्र अहवालात सुरुवात कुठे झाली ते दिलं आहे: १८ मार्चला एका संगणकावर ईमेलमधून आलेली एक एक्सेल फाइल उघडली गेली. तिथून पुढचे आठ आठवडे हल्लेखोर आतच होते. मोठे अधिकार असलेली कितीतरी खाती त्यांच्या हाती लागली, आणि आतलं जाळं बरंचसं सपाट, मधे भिंती नसलेलं होतं. खंडणी दिली नाही, असं सरकारने सांगितलं. २० मे रोजी कुलूप उघडायची किल्ली टोळीनेच दिली, तरी सगळे सर्व्हर पूर्ववत उघडायला सप्टेंबर उजाडला.

आपलं मंडळ म्हणजे काही एचएसई नाही. पण त्यातून आम्ही दोन नियम घेतले. व्यवस्थापकाचे अधिकार दोघांनाच, आणि तेही वेगळ्या खात्यावर. रोजच्या ईमेलच्या खात्यावर नाहीत. आणि एअरकोड सगळ्या शिक्षकांना दिसत नाही, फक्त मुलांना घरी पोचवण्याची वेळ आली तर ज्या दोघी जबाबदार आहेत त्यांनाच दिसतो. ज्या आईने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तिचा पत्ता आम्ही ठेवलेलाच नाही. जे रजिस्टरमध्ये नाही, ते कुणी चोरू शकत नाही. मी तिला हे सांगितलं. ती "थँक्यू" म्हणाली, आणि पुढच्या शनिवारी वर्गासाठी डबाभर चकल्या घेऊन आली.

शेवटचं काम मलाच करायचं होतं. नाशिकला फोन लावला. तिला कसं सांगायचं, याची मनात चार वेळा उजळणी केली होती. म्हटलं, "अगं, यादीतून तुझं नाव काढतेय." पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी आता तुमची नाही का?" मी म्हटलं, "तसं नाही गं. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला म्हणून काय शाळा आपली राहत नाही?" ती हसली, पण तो हुंदकाही असेल, फोनवर कळत नाही. नंतर तीच म्हणाली, "बरोबर आहे तुझं. माझी लेक त्या यादीत असती तर मलाही हेच हवं असतं." तिचा नंबर रजिस्टरमध्ये तिच्याच नावे बंद करून ठेवला आहे, आणि मुलांच्या गॅदरिंगचे फोटो, पालकांना विचारून, मी तिला स्वतः पाठवते.

आता तुमच्याकडे एक मागणं. नोव्हेंबरात सभासदत्वाचं नूतनीकरण आहे. त्या वेळी आपली नोंद उघडून पाहा. घर बदललं असेल, फोन बदलला असेल, कुणी परत गेलं असेल, मूल वर्गातून बाहेर पडलं असेल, तर कळवा. नको असलेली माहिती काढायला सांगा. आम्ही कारण विचारणार नाही. आणि पासवर्डात बाप्पाला आणू नका, त्याला इतर पुष्कळ कामं आहेत.

सगळ्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!