दस्तुरखुद्द

बेंगळुरूच्या जुन्या पेठेत चिकपेटचा रस्ता आणि अॅव्हेन्यू रोड एकमेकांना छेदतात. पहिला रस्ता रेशमी साड्यांच्या व्यापारासाठी, तर दुसरा जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी ओळखला जातो. अशा बाजारात एखादे जीर्ण पुस्तक उघडावे आणि आतल्या कोऱ्या पानावर ‘सप्रेम भेट’ या शब्दांखाली एखाद्या थोर व्यक्तीची सही दिसावी, हे ग्रंथप्रेमी माणसाचे जुने स्वप्न आहे. मात्र ही सही खरी कशावरून, असा प्रश्न लगेच उभा राहतो. काही जण नाव वाचताच विश्वास ठेवतात, तर काही जण बाजारात आलेली प्रत्येक सही बनावटच मानतात. या दोन्ही वृत्तींत एकच दोष आहे. दोन्हींमुळे तपासाचे कष्ट वाचतात आणि सत्य मात्र दूर राहते.

जुन्या मराठी कागदपत्रांच्या परंपरेत या प्रश्नाचा विचार फार पूर्वीच झालेला दिसतो. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मजकुराला ‘दस्तुरखुद्द’ म्हणत. आज हा शब्द ‘प्रत्यक्ष स्वतः’ या अर्थाने उरला आहे. पण ‘दस्तुर’ म्हणजे हस्ताक्षर, हा त्याचा मूळ अर्थ. राजपत्राचा मजकूर बहुधा कारकून लिहीत असे. त्याला अधिकार प्राप्त होई तो मुद्रेने, आणि पत्र संपल्याची खूण असे मोर्तब. ज्याला लिहिता येत नसे, तो शेतकरी नावापुढे नांगराची निशाणी करी. लिहिणाराचे नाव ‘बिकलम’ म्हणून वेगळे नोंदले जाई आणि खाली साक्षीदारांची नावे येत. नुसत्या अक्षरावर विसंबू नये, त्याभोवती साक्षींचे कुंपण असावे, हे शहाणपण या पद्धतीत आहे. पुस्तकावरील स्वाक्षरीची पारखही याच शहाणपणाने केली पाहिजे.

पहिली साक्ष वस्तूची, म्हणजे कागदाची, शाईची आणि लेखणीची. बॉलपेन सर्वसामान्यांच्या हाती आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीनंतर. लोकमान्य टिळकांचे निधन १९२० मध्ये झाले. तेव्हा बॉलपेनने केलेली त्यांची ‘सही’ किती सुबक आहे, याची चर्चा करण्याचेही कारण नाही. लंडनमध्ये १९३४ साली जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण ग्रंथविक्रेत्यांनी असाच शोध घेतला. इंग्रज कवींच्या काही दुर्मीळ ‘पहिल्या आवृत्त्यां’वर जी वर्षे छापली होती, त्या वर्षी तसला कागद तयारच होत नव्हता, हे त्यांनी दाखवून दिले. हा बनाव थॉमस वाइझ या नामवंत संग्राहकाकडे बोट दाखवीत होता.

परंतु वस्तूची साक्ष एकाच दिशेने निर्णायक असते. विसंगत कागद खोटेपणा सिद्ध करतो. सुसंगत कागदाने मात्र खरेपणा सिद्ध होत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हेन्री आयर्लंड या तरुणाने शेक्सपिअरच्या नावाने पत्रे, सह्या आणि एक नाटकसुद्धा रचले. त्यासाठी त्याने जुन्या पुस्तकांतील कोरी पाने मिळवली होती. कागद अस्सल होता, लबाडी त्यावरील अक्षरांत होती. अखेर १७९६ मध्ये एडमंड मलोन या विद्वानाने शब्द, शुद्धलेखन आणि भाषा तपासून ती उघड केली.

दुसरी साक्ष हस्ताक्षराची. ही सर्वांत परिचित, आणि म्हणूनच सर्वांत फसवी. माणसाचे अक्षर वयाने, आजाराने, घाईने बदलते. गांधीजींनी १९०९ मध्ये जहाजावर ‘हिंद स्वराज’ लिहिले, तेव्हा उजवा हात थकल्यावर त्यांनी सुमारे ४० पाने डाव्या हाताने लिहिली. एकाच माणसाच्या एकाच हस्तलिखितात दोन वळणे सापडतात, ती अशी. म्हणून अक्षर जुळत नाही एवढ्यावरून सही खोटी ठरवणे धाडसाचे होते. उलट, अक्षर जुळले म्हणजे सही खरी, हेही खात्रीने सांगता येत नाही. १९८३ मध्ये एका जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या कथित रोजनिशा प्रसिद्ध केल्या. हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर जुळल्याचा निर्वाळा दिला. पण तुलनेसाठी दिलेल्या नमुन्यांपैकी काही त्याच बनावटकाराच्या हातचे होते. पुढे कागदात महायुद्धानंतरचे रसायन सापडले आणि बिंग फुटले. ज्या मापाने मोजायचे, तेच माप खोटे असेल तर मोजणाऱ्याचे कौशल्य काय कामाचे? भारतातील १८७२ चा पुरावा कायदा आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेला भारतीय साक्ष अधिनियम, हे दोन्ही हस्ताक्षरतज्ज्ञाच्या म्हणण्याला ‘मत’ मानतात. हा भेद ग्रंथप्रेमींनीही ध्यानात ठेवावा.

तिसरी साक्ष मजकुराची. लेखकाने पुस्तक भेट दिल्याची तारीख त्या आवृत्तीच्या प्रकाशनापूर्वीची असेल, तर काहीतरी चुकले आहे. पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यामुळे १९५० च्या लेखनात सहा आकडी पिनकोड असलेला पत्ता येऊ शकत नाही. मैसूर राज्याला ‘कर्नाटक’ हे नाव १९७३ मध्ये मिळाले, हेही अशा वेळी आठवावे. मराठी शुद्धलेखनही बोलके असते. १९६२ च्या नियमांनी अनेक अनुच्चारित अनुस्वार गाळले. त्यामुळे १९२० च्या सुमारास एखाद्या काटेकोर लेखकाने लिहिलेल्या ओळींत ‘तें’, ‘मीं’, ‘केलें’ यांवरचे अनुस्वार मुळीच नसतील, तर थांबून विचार करावा. एवढ्याने निकाल लागत नाही. पण संशयाला जागा होते.

खुद्द बेंगळुरूने अशा तपासाचा एक मोठा वाद पाहिला आहे. अॅव्हेन्यू रोडवरील राइस मेमोरियल चर्च हे बेंजामिन राइस या मिशनऱ्याचे स्मारक आहे. १८३७ मध्ये याच शहरात जन्मलेले त्याचे पुत्र बी. एल. राइस यांनी मैसूर संस्थानातील हजारो शिलालेख आणि ताम्रपट प्रसिद्ध केले. त्यांतील गंग राजांच्या काही ताम्रपटांना मुंबई इलाख्यात अधिकारी असलेल्या जे. एफ. फ्लीट यांनी बनावट ठरवले. अक्षरांची घडण आणि तिथी त्या काळाशी जुळत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. राइस यांनी ताम्रपटांची बाजू मांडली. एका राजवंशाचा कालक्रम या वादावर अवलंबून होता. लेखाच्या खरेखोटेपणाने केवळ एका वस्तूची किंमत ठरत नाही, त्यावर इतिहासाची इमारत उभी राहते किंवा ढासळते, हे या वादातून स्पष्ट होते.

या तिन्ही साक्षींहून मोलाची चौथी साक्ष म्हणजे पुस्तकाच्या प्रवासाची. शहाजीराजांना १६३८ मध्ये बेंगळुरूची जहागीर मिळाली. त्यांचे पुत्र व्यंकोजी पुढे तंजावरला गेले आणि तेथे मराठ्यांचे राज्य स्थापन झाले. त्याच घराण्यातील दुसरे सरफोजी यांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत हजारो ग्रंथ जमवले, आणि अनेक युरोपीय पुस्तकांवर आपली सही केली. ती पुस्तके आज तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. तेथील सहीविषयी फारसा वाद संभवत नाही, कारण ते पुस्तक राजाच्या हातातून राजाच्याच ग्रंथालयात गेले आणि तेथेच राहिले. तीच सही, तेच वळण रस्त्यावरच्या ढिगात सापडले, तर मात्र प्रत्येक गोष्ट नव्याने सिद्ध करावी लागेल. अक्षर तेच असूनही त्याची विश्वासार्हता इतकी बदलते, याचे कारण मधली साखळी तुटलेली असते. स्वाक्षरीचा खरेपणा मुख्यतः या साखळीत असतो.

दुःखाची गोष्ट अशी, की ही साखळी खोटी सही करणारे तोडत नाहीत, पुस्तकांवर प्रेम करणारी माणसेच ती बहुतेक वेळा तोडतात. घरातील वडीलधारे गेल्यावर त्यांचा संग्रह एका दुपारी वजनावर विकला जातो. कोणाचे पुस्तक, कोणी दिले, हे सांगणारे कोणी उरत नाही. नवी बांधणी करताना भेटीचे पान कापले जाते, किंवा त्यावर चिठ्ठी डकवली जाते. कोणी सहीचे पान फाडून चौकटीत बसवतो आणि उरलेले पुस्तक टाकून देतो. त्या क्षणी सही वाचते, पण तिचा साक्षीदार मरतो.

सही खोटी असली तरी पुस्तकातला मजकूर तोच राहतो, मग एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. वाचनापुरते ते खरे आहे. परंतु भेटीच्या ओळी आणि समासातल्या टिपा सांगतात, की कोणी काय वाचले आणि कोणाचा कोणाशी स्नेह होता. डॉ. आंबेडकरांच्या संग्रहातील पुस्तके मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात जपलेली आहेत. अशा थोर वाचकाच्या नावावर कोणी एखादी खोटी टीप खपवली, तर त्यांनी कधीही न मांडलेला विचार त्यांच्या नावे रूढ होईल. ही फसवणूक एकट्या ग्राहकाची राहत नाही, पुढच्या सर्व पिढ्यांची होते.

म्हणून उपाय घरापासून आणि दुकानापासून सुरू झाले पाहिजेत. संग्रह विकण्यापूर्वी कुटुंबाने पुस्तकांची साधी यादी करावी. विक्रेत्याने पुस्तक कोठून आले हे लिहून ठेवावे. घेणाऱ्याने शेवटच्या पानावर पेन्सिलीने ठिकाण आणि तारीख नोंदवावी. सहीचे पान पुस्तकापासून वेगळे करू नये. आणि जेथे पुरावा अपुरा आहे, तेथे ‘संशयित’ असे लिहिण्याची लाज वाटू नये. अनोळखी माणसांच्या ओळींनाही हाच न्याय लावावा. एखाद्या शिक्षकाने विद्यार्थिनीला बक्षीस दिलेल्या पुस्तकावरील दोन ओळी बाजारात कवडीमोल असतील, पण त्या काळच्या शिक्षणाचा तो अस्सल कागद असतो.

दस्तुरखुद्द लिहिलेले अक्षर एका हाताचे असते; त्याची खात्री मात्र अनेक हात मिळून देतात. ज्या ज्या हातांतून पुस्तक जाते, त्या प्रत्येकाने आपली साक्ष प्रामाणिकपणे मागे ठेवली, तर पुढच्या वाचकाला नुसत्या अक्षरावर विसंबण्याची वेळ येणार नाही.