अडगळीचा माळा

"स्टॅश कर ना, दोन मिनिटांचं काम आहे!" हा सल्ला ऐकला की हल्ली माझं डोकंच फिरतं. गिटमध्ये ही सोय २००७ साली आली. अर्धवट कोड माळ्यावर टाकायचा, तातडीचं काम उरकायचं आणि परत यायचं. पण परत येतो कोण? माझ्या माळ्यावर एकदा १४ स्टॅश साठले होते. प्रत्येकावर पाटी आधीच्या कमिटची, आत काय आहे देव जाणे.

मग लॅपटॉपची डिस्क गेली. पुश केलेल्या ब्रँच सर्व्हरवरून सुखरूप परत आल्या. स्टॅश मात्र नेहमीच्या पुशबरोबर जातच नाही, तो आपल्याच मशीनवर राहतो. चार दिवसांचं काम पाण्यात!

गंमत म्हणजे स्टॅश आतून कमिटच असतो. मग उघडपणे कमिट करायला लाज कसली? वेगळी ब्रँच काढा, 'अर्धवट आहे, चालत नाही' असं सरळ लिहा आणि पुश करा. ते कमिट नंतर नीटनेटके करता येतात. माझे चार दिवस काही परत आले नाहीत.

असो. तुमच्या माळ्यावर काय काय पडलंय, आजच बघा जरा.