‘उपाय नाही, घरी न्या’ हे वाक्य आता पुरे!

पाच-सहा वर्षांचा मुलगा. धावताना सारखा पडतो, जिना चढताना कठडा धरतो, खाली बसला की मांड्यांवर हात टेकत उठतो. पोटऱ्या मात्र भरदार, त्यामुळे घरचे त्याला कौतुकाने ‘पैलवान’ म्हणतात. मग कधीतरी रक्तातलं सीपीके प्रचंड वाढलेलं निघतं, जनुकीय तपासणी होते आणि नाव कळतं: ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. स्नायू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार. त्यानंतर आई-वडिलांना बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळतं, ‘याला उपाय नाही, घरी न्या.’

माझं भांडण या वाक्याशी आहे. हा आजार मुळापासून बरा होत नाही, हे खरं. पण ‘बरा होत नाही’ आणि ‘काही करता येत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधुमेहही बरा होत नाही. म्हणून आपण त्या रुग्णाला घरी पाठवतो का?

काय करता येतं, ते पाहा. प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकॉर्ट ही स्टिरॉइड वेळेवर सुरू केली, तर मुलाचं चालणं साधारण दोन-तीन वर्षं जास्त टिकतं. वजन, हाडं, उंची यांवर त्यांचे दुष्परिणाम होतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची आणि मनाने अचानक बंद करायची नाहीत. घोट्याचे ताण देण्याचे व्यायाम आई-वडील घरी रोज करून घेऊ शकतात. हृदयाचाही स्नायू झिजतो, म्हणून दरवर्षी टूडी एको हवा. पुढे श्वास कमी पडू लागला, की रात्री मास्क लावून चालणारं यंत्र मदतीला येतं. पूर्वी ही मुलं विशीच्या आसपास जात. अशी काळजी मिळालेली अनेक मुलं आज तिशी पाहतात.

‘घरी न्या’ म्हटल्यावर यातलं काहीच होत नाही. शिवाय आई-बाप घरी बसत नाहीत. कुणी देवाला कौल लावतं, कुणी मोबाइलवर शोधत स्टेम सेलच्या जाहिरातीपाशी पोहोचतं. मग दागिने मोडतात, आंब्याची बाग विकायला निघते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: या आजारात स्टेम सेल हा फक्त प्रयोग आहे आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले, तर तिथून उठून या. आणि बातम्यांत गाजलेलं ते १६ कोटींचं इंजेक्शन स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या वेगळ्याच आजाराचं आहे.

आणखी एक नुकसान घरात होतं. सगळी बोटं आईकडे वळतात. सुमारे एक तृतीयांश मुलांत हा दोष नव्यानेच तयार झालेला असतो. उरलेल्यांत आई वाहक असते, पण तो तिचा गुन्हा नव्हे. तिची तपासणी झाली, तर पुढच्या गरोदरपणात वेळीच निर्णय घेता येतो. हे कुणी सांगायचं?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे, तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्र जरूर काढा. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाच्या यादीत ड्युशेन आहे आणि मुंबईचं केईएम हे त्यासाठीचं मान्य केंद्र आहे.

पण मंडणगडच्या किंवा राजापूरच्या आईने चालता न येणारा मुलगा उचलून प्रत्येक तपासणीसाठी परळ का गाठायचं? रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महिन्यातून एक दिवस एको, श्वासाची तपासणी, फिजिओथेरपी आणि सल्ला एकाच छताखाली मिळावा, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे. यासाठी १६ कोटी लागत नाहीत.

तोवर कुणी ‘उपाय नाही’ म्हणालं, तर शांतपणे विचारा, ‘बरा होणार नाही, हे समजलं. आता पुढे काय करायचं, ते सांगा.’